कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल : नागपुरातील स्त्रियांनी कोणते कागद, केव्हा आणि कोठे पाहावेत

वडील गेल्यानंतर आईचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होण्यास नऊ महिने लागले. तिच्या हक्काबद्दल कोणालाही शंका नव्हती. सगळे अडले होते ते नावावर. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले सासरचे नाव वडिलांच्या सेवापुस्तकात होते, आधार कार्डावर माहेरचे नाव होते आणि बँकेच्या पासबुकावर ‘बाई’ जोडलेले तिसरेच नाव होते. या तीन स्त्रिया एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी सत्तरीच्या आईला शपथपत्रे, दाखले आणि सह्या घेऊन फिरावे लागले, आणि ज्या कर्मचाऱ्याला एका अर्जात हे सर्व दुरुस्त करता आले असते तो आता हयात नव्हता. पतीच्या कार्यालयात तिने कधी पाऊल ठेवले नव्हते आणि आपल्याविषयी तेथे काय लिहून ठेवले आहे हे तिला कधी कोणी दाखवले नव्हते. त्या नऊ महिन्यांत जे शिकावे लागले ते येथे क्रमाने मांडत आहे. शासकीय नोकरीतून निवृत्त होणाऱ्या स्त्रियांसाठी आणि ज्यांचे पती शासकीय नोकरीत आहेत किंवा होते अशा स्त्रियांसाठीही हा लेख आहे.

पहिली पायरी : दार ओळखणे

नागपुरात ‘सरकारी पेन्शन’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या व्यवस्था नांदतात, आणि चुकीच्या दारासमोर महिनोन्महिने उभे राहणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. त्यांचे प्रकरण कार्यालयप्रमुखांकडून सिव्हिल लाइन्समधील महालेखापाल कार्यालयात जाते, जे विदर्भ आणि मराठवाडा या दोन्ही विभागांची प्रकरणे पाहते. तेथून निवृत्तिवेतन प्रदान आदेश, म्हणजे ज्याला सगळे ‘पीपीओ’ म्हणतात तो, निघतो आणि रक्कम जिल्हा कोषागारामार्फत बँकेत जमा होते. रेल्वे, टपाल, केंद्राची अन्य कार्यालये आणि अंबाझरीच्या आयुध निर्माणीतील जुने कर्मचारी केंद्राच्या व्यवस्थेत येतात. त्यांतही रेल्वेचे निवृत्तिवेतन नियम वेगळे आहेत आणि संरक्षण खात्याच्या निवृत्तांचे काम ‘स्पर्श’ या प्रणालीतून चालते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कामगारांची निवृत्तिवेतन योजना १९९८ची असून ती कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे आहे. एसटी महामंडळासारख्या आस्थापनांतील बहुसंख्य कर्मचाऱ्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ लागू होते. तीत विधवेला सभासदाच्या निवृत्तिवेतनाच्या साधारण निम्मी रक्कम मिळते आणि किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे.

म्हणून सर्वांत आधी पतीची किंवा स्वतःची वेतनचिठ्ठी हातात घ्यावी आणि कपात कोणत्या खात्यात होते ते वाचावे. सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी (जीपीएफ, म्हणजे जुनी योजना), परिभाषित अंशदान योजना (म्हणजे नवी योजना) आणि ‘पीएफ’ (म्हणजे १९९५ची कर्मचारी योजना) या तीन नोंदी तीन वेगळ्या रस्त्यांना जातात. केंद्राचे परिपत्रक राज्याच्या कोषागारात दाखवून काही उपयोग नसतो. शेजारणीला मिळाले म्हणून आपल्यालाही मिळेल, या समजुतीमागे बहुतेक वेळा हाच घोळ असतो. पुढील मजकुरात जेथे केंद्राचा नियम सांगितला आहे तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

स्वतः नोकरी करणाऱ्या स्त्रीचा हिशेब

राज्य शासनात गट अ, ब आणि क यांचे निवृत्तीचे वय ५८ आणि गट ड चे ६० वर्षे आहे. केंद्रात ते ६० आहे. जुन्या योजनेत (राज्यात मुख्यतः १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांच्या) निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान १० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी, सेवा लागते. स्त्रियांच्या सेवेत खंड अधिक पडतात, म्हणून ‘अर्हताकारी’ हा शब्द नीट समजून घ्यावा. प्रसूती रजा आणि राज्यात मिळणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा या सेवेत धरल्या जातात. मूल आजारी असताना किंवा सासू-सासऱ्यांच्या दुखण्यात घेतलेली असाधारण रजा मात्र वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय असेल तर सेवेतून वजा होऊ शकते, आणि ती वजावट अनेकींना निवृत्तीच्या तोंडावर कळते. सेवापुस्तकाची पाने वर्षातून एकदा पाहण्याचा कर्मचाऱ्याला हक्क आहे. तो वापरावा, रजेच्या प्रत्येक नोंदीपुढे मंजुरीचा आदेश क्रमांक आहे का ते पाहावे आणि सेवा पडताळणीची सही कोणत्या वर्षापर्यंत झाली आहे ते टिपून ठेवावे.

निवृत्तीच्या दोन वर्षे आधी कागद हलवायला सुरुवात करावी. वेतननिश्चिती वेतन पडताळणी पथकाकडून तपासून घेण्यात पुष्कळ वेळ जातो, आणि तेथे एखादी वेतनवाढ चुकीची ठरली तर वसुलीचा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न नोकरीत असताना सोडवणे आणि निवृत्तीनंतर सोडवणे यांत फार अंतर आहे. प्रकरण महालेखापालांकडे निवृत्तीच्या सहा महिने आधी पोहोचले पाहिजे. शासकीय निवासस्थान असेल तर त्याचे ना-देय प्रमाणपत्र आधीच मागून ठेवावे. उपदान (ग्रॅच्युइटी), अर्जित रजेचे रोखीकरण (कमाल ३०० दिवस), भविष्य निर्वाह निधी आणि गट विमा या रकमा वेगवेगळ्या आदेशांनी मिळतात. एक आली म्हणजे सर्व आल्या असे समजू नये. राज्यात उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख रुपये आहे.

पतीच्या पश्चात नेमके किती मिळते

या टप्प्यावर आकड्यांचा सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून एक उदाहरण सावकाश पाहू. समजा, जुन्या योजनेतील एका राज्य कर्मचाऱ्याचे अखेरचे मूळ वेतन ६०,००० रुपये होते. त्यांचे निवृत्तिवेतन ३०,००० रुपये ठरले. त्यांनी त्यातील ४० टक्के, म्हणजे १२,००० रुपयांचे अंशराशीकरण करून एकरकमी पैसे घेतले, त्यामुळे हातात मूळ १८,००० रुपये आणि वर महागाई वाढ येऊ लागली. ही महागाई वाढ मूळ ३०,००० रुपयांवर मिळते, १८,००० वर नव्हे. अंशराशीकरण केलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी ते वारले असे धरू. आता पत्नीला सुरुवातीची काही वर्षे वाढीव दराने, म्हणजे अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के, परंतु पतीच्या निवृत्तिवेतनापेक्षा अधिक नाही अशा प्रमाणात, ३०,००० रुपये आणि महागाई वाढ मिळेल. पतीच्या हातात १८,००० येत होते आणि आपल्याला ३०,००० कसे, हा प्रश्न पडून कित्येक स्त्रिया घाबरतात. ‘बँकेची चूक दिसते, हात लावू नका’ असा सल्लाही घरातील मंडळी देतात. ही चूक नाही. अंशराशीकरणाची कपात कुटुंब निवृत्तिवेतनाला लागत नाही. पतीने घेतलेल्या एकरकमी पैशांचे ओझे नियमाने विधवेवर टाकलेले नाही.

वाढीव दराची मुदत संपली की रक्कम सामान्य दरावर, अखेरच्या वेतनाच्या ३० टक्क्यांवर, म्हणजे आपल्या उदाहरणात १८,००० रुपयांवर येते. केंद्राच्या नियमांत निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास ही मुदत ७ वर्षे किंवा मृत व्यक्तीचे वय ६७ झाले असते ती तारीख, यांतील आधी येणारी असते. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास ती १० वर्षे असते. राज्याच्या प्रकरणात वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत आहे ते पीपीओवरच लिहिलेले असते. ती तारीख शोधून, वहीत लिहून, भिंतीवरील कालनिर्णयावरही खूण करून ठेवावी. कारण काही वेळा ती तारीख उलटूनही वाढीव रक्कम येत राहते, आणि दोन-तीन वर्षांनी जादा गेलेली सर्व रक्कम हप्त्यांनी वसूल होऊ लागते. ज्या घरात तोच एकमेव उत्पन्नाचा मार्ग आहे तेथे ही वसुली फार जड जाते. मुदत संपल्याच्या पुढच्या महिन्यात रक्कम कमी झाली नाही तर आपण होऊन बँकेला आणि कोषागाराला लेखी कळवावे, आणि त्या पत्रावर पोच घ्यावी.

सातव्या वेतन आयोगानुसार किमान कुटुंब निवृत्तिवेतन राज्यात ७,५०० आणि केंद्रात ९,००० रुपये आहे, त्यावर महागाई वाढ वेगळी. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर जादा रक्कम सुरू होते. केंद्रात ती ८० व्या वर्षापासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि शंभरीनंतर १०० टक्के असते. येथे वय पत्नीचे धरायचे असते, आणि तिची जन्मतारीख पीपीओवर नोंदलेलीच नसेल तर ही वाढ आपोआप सुरू होणे शक्य नसते. आमच्या आजीच्या पिढीतील स्त्रियांकडे शाळेचा दाखला नसतो. अशा वेळी आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्रावरील तारीख वेळेत नोंदवून घेणे हेच महत्त्वाचे काम ठरते.

एक समज येथेच दूर करते. पत्नी स्वतः नोकरीत आहे किंवा तिला स्वतःचे निवृत्तिवेतन मिळते म्हणून पतीचे कुटुंब निवृत्तिवेतन बंद होत नाही. दोन्ही एकाच वेळी मिळतात. उत्पन्नाची अट मुलांना आणि आई-वडिलांना आहे. पती किंवा पत्नीला नाही.

आज, सर्व जण हयात असताना करायचे काम

कुटुंब निवृत्तिवेतनाला नामनिर्देशन चालत नाही. ते नियमात दिलेल्या क्रमानेच मिळते आणि त्या क्रमात पती किंवा पत्नी पहिली असते. उपदान, भविष्य निर्वाह निधी आणि गट विमा यांना मात्र नामनिर्देशन असते. लग्नाआधी नोकरीला लागलेल्या तरुणाने भविष्य निर्वाह निधीसाठी आईचे किंवा भावाचे नाव दिलेले असते आणि ते तसेच राहून जाते. कुटुंब झाल्यावर असे जुने नामनिर्देशन नियमाने टिकत नाही, पण नवे दिलेले नसल्यामुळे वाद उभा राहतो आणि पैसे अडतात. म्हणून पतीला आज संध्याकाळीच विचारावे, की लग्नानंतर नवे नामनिर्देशन दिले होते का आणि त्याची पोच आहे का. हा प्रश्न अशुभ मानण्याची आपल्याकडे रीत आहे. तरीही तो विचारावा, कारण उत्तर देणारा माणूस समोर आहे तोवरच त्याचा उपयोग आहे.

त्यानंतर नावे जुळवावीत. सेवापुस्तकातील कुटुंबाचा तपशील, आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि असल्यास पीपीओ, हे पाच कागद एका टेबलावर मांडून पत्नीचे नाव, पतीचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः ताडून पाहावी. ‘कमल’ आणि ‘कमलाबाई’ यांतील फरक माणसाला क्षुल्लक वाटतो, पण संगणकीय प्रणालीला तो दोन व्यक्तींचा फरक वाटतो. लग्नानंतर पहिलेच नाव बदलले असेल तर राजपत्रातील नावबदलाची नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. विवाह नोंदणी त्या वेळी झाली नसेल तर आताही करता येते. सेवापुस्तकात दुरुस्ती करायची असल्यास कर्मचाऱ्याने स्वतः कार्यालयप्रमुखांकडे अर्ज द्यावा. निवृत्त झालेल्यांनी ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तेथे द्यावा, कारण पीपीओतील दुरुस्ती त्या कार्यालयाच्या शिफारशीनेच महालेखापालांकडे जाते. कोषागारातील कर्मचारी कितीही सहृदय असला तरी तो ती दुरुस्ती स्वतः करू शकत नाही.

अपंग मुलगा किंवा मुलगी असेल तर त्याचे किंवा तिचे नाव, वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रासह, आई-वडिलांच्या हयातीतच नोंदवून घ्यावे. अशा अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, आणि ते स्वतः उठून कार्यालयात जाऊ शकणार नाही हे आई-वडिलांइतके कोणाला कळत नाही.

मृत्यूनंतरचे पहिले दिवस

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. शहरात ती महापालिकेकडे होते. दाखल्यावरील मृताचे नाव सेवापुस्तकातील नावाशी जुळते का ते खिडकीवरच वाचून पाहावे आणि किमान दहा प्रती घ्याव्यात. पती निवृत्त होते आणि पीपीओवर पत्नीचे नाव असेल, तर मृत्यूचा दाखला, पीपीओची पत्नीकडील प्रत, आधार, पॅन, पासबुक आणि छायाचित्र यांसह बँकेत व कोषागारात अर्ज द्यावा. यासाठी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र लागत नाही. दलाल नेमके तेच काढून देण्याचे पैसे मागतात, म्हणून हे आवर्जून सांगते. पतीच्या मृत्यूनंतर त्यांच्या खात्यात जमा झालेली निवृत्तिवेतनाची रक्कम एटीएममधून काढू नये. ती परत करावी लागते.

पती नोकरीत असताना वारले असतील तर प्रकरण त्यांच्या कार्यालयाने तयार करायचे असते. एक वर्ष सलग सेवा झाली असेल, किंवा त्याआधीही नियुक्तीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत पात्र ठरले असतील, तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क निर्माण होतो. अंतिम आदेश येईपर्यंत तात्पुरते कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची तरतूद नियमांत आहे. ते लेखी मागावे, तोंडी मागितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही. अनुकंपा नियुक्तीचा अर्ज त्याच दिवसांत, मुदत विचारून घेऊन, स्वतंत्रपणे द्यावा. ती नियुक्ती स्वीकारल्याने कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क जात नाही.

विभक्त पत्नी, पुनर्विवाह आणि मुली

वेगळे राहणे म्हणजे घटस्फोट नव्हे. पतीने वीस वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेली, माहेरी राहून मोलमजुरीवर मुले वाढवणारी स्त्री कायद्याने त्याची पत्नीच असते, आणि तो शासकीय नोकरीत असेल तर तिचा हक्क जिवंत असतो. अशा स्त्रीने विवाहाचा आणि अपत्यांचा पुरावा जपून ठेवावा आणि आपले नाव सेवापुस्तकात आहे का याची लेखी विचारणा पतीच्या कार्यालयाकडे करावी. पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना हिंदू कर्मचाऱ्याने केलेले दुसरे लग्न कायद्याने अवैध असते. त्या दुसऱ्या स्त्रीला पत्नी म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही, तिच्या मुलांचा हक्क मात्र नाकारता येत नाही. दोन्ही घरांतील स्त्रियांचे यात नुकसान होते, आणि बहुतेक वेळा दोघींनाही खरी परिस्थिती शेवटी कळते. घटस्फोट झालेल्या पत्नीला हा हक्क राहत नाही.

केंद्राच्या नियमांत मुले असलेल्या विधवेने पुनर्विवाह केल्यास तिचे कुटुंब निवृत्तिवेतन थांबते आणि पात्र मुलांकडे जाते. त्याच नियमांत अपत्य नसलेल्या विधवेला पुनर्विवाहानंतरही ते चालू राहू शकते, मात्र तिचे अन्य उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतन अधिक महागाई वाढ यांच्या मर्यादेत असावे लागते.

मुलांना केंद्राच्या नियमांनुसार वयाच्या २५ वर्षांपर्यंत निवृत्तिवेतन मिळते. अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित मुलीला मात्र आई-वडील दोघांच्या पश्चात, अन्य पात्र लहान भावंडांचा हक्क संपल्यावर, वयाच्या अटीशिवाय मिळू शकते. उत्पन्नाची अट आहे. घटस्फोटाची याचिका आई किंवा वडील हयात असतानाच दाखल झालेली असेल तर हुकूमनामा त्यांच्या मृत्यूनंतर झाला तरी चालतो. माहेरी परतलेल्या मुलीच्या बाबतीत ‘आपसात मिटवू’ म्हणत याचिका लांबवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही अट ध्यानात घ्यावी. राज्य शासनाच्या निवृत्तांच्या मुलींनी १९८२च्या नियमांतील नियम ११६ आणि त्यावरील चालू शासन निर्णय यांच्या आधारेच अर्ज करावा.

कर्मचारी स्त्रीच्या पश्चात

नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या मृत्यूनंतर पहिला हक्क पतीचा असतो, मग त्याने तिचा छळ केलेला असला तरी. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये यावर मार्ग दिला. घटस्फोटाची याचिका किंवा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, हुंडाबंदी कायदा अशा कायद्यांखालील प्रकरण प्रलंबित असेल, तर स्त्री कर्मचारी किंवा निवृत्त स्त्री आपल्या पश्चात पतीऐवजी आधी पात्र मुलांना कुटुंब निवृत्तिवेतन द्यावे अशी लेखी विनंती कार्यालयप्रमुखांना करू शकते. केंद्राच्या सेवेतील ज्या भगिनी अशा परिस्थितीत आहेत त्यांनी हा अर्ज पुढे ढकलू नये, आणि त्याची पोच विश्वासू माणसाकडे ठेवावी.

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत आलेल्यांसाठी

या तारखेपासून लागलेल्या बहुतेकांना जुनी योजना लागू नाही. पुढे त्यांचा समावेश राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत झाला. राज्य शासनाच्या ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने अशा कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान मिळण्याची वाट खुली झाली. त्याआधी विधवेच्या हाती मुख्यतः खात्यातील जमा रक्कम येत असे, म्हणून आधीच्या काळात पती गमावलेल्या स्त्रियांनीही या निर्णयाबद्दल कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. मार्च २०२४ मध्ये राज्याने सुधारित योजना जाहीर केली. तीत विकल्प देणाऱ्या कर्मचाऱ्यास अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन आणि त्याच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन आहे. केंद्राची एकीकृत योजना १ एप्रिल २०२५ पासून सुरू झाली. विकल्पाच्या कागदावर सही पतीची असली तरी त्याचा परिणाम पत्नीच्या पुढील आयुष्यावर होतो, त्यामुळे तो विकल्प दोघांनी एकत्र बसून ठरवावा. जे साध्या राष्ट्रीय योजनेतच निवृत्त होतील त्यांना किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी (ॲन्युइटी, म्हणजे पुढे नियमित मिळणारी रक्कम) घ्यावी लागते. ती घेताना ‘पश्चात जोडीदारास’ हा प्रकार निवडला आहे का, हे पत्नीने स्वतः वाचून पाहावे.

दर वर्षीची दोन कामे

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. ८० वर्षांवरील केंद्रीय निवृत्तांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. जीवन प्रमाण प्रणालीत मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या आईला रिक्षात घालून बँकेत नेण्याची गरज उरलेली नाही. राज्याच्या निवृत्तांनी बँकेतील यादीवर सही केली असेल तर आपल्याच नावापुढे ती झाली का, हे पाहून यावे.

दुसरे काम प्राप्तिकराचे. स्वतःचे निवृत्तिवेतन वेतन म्हणून धरले जाते, कुटुंब निवृत्तिवेतन मात्र ‘इतर उत्पन्न’ या सदरात येते. त्यातून एक तृतीयांश किंवा ठरावीक रक्कम यांतील कमी असेल ती वजावट मिळते. ही ठरावीक रक्कम जुन्या करप्रणालीत १५,००० आणि नव्या प्रणालीत २५,००० रुपये आहे. दोन्ही निवृत्तिवेतने घेणाऱ्या स्त्रीचे विवरणपत्र भरणाऱ्याला हा फरक सांगावा, कारण दोन्ही रकमा एकाच बँक खात्यात येतात आणि तो त्या सहज एकाच सदरात टाकून मोकळा होतो.